देवाच्या दरबाराचे दार

धर्म हा शब्द उच्चारला की आपल्या चर्येवर आपोआप गांभीर्य येते. व्रते, नेम, उपवास, पापपुण्याचा जमाखर्च, या साऱ्या गोष्टी मनापुढे क्रमाने उभ्या राहतात. आनंद मात्र त्या रांगेत सर्वांच्या मागे असतो. त्यातून ख्रिस्ती उपासनामंदिराची गोष्ट निघाली म्हणजे विचारावयासच नको. उंच मनोरा, लाकडी बाकांच्या सरळ रांगा, संथ सुरात वाजणारे वाद्य आणि घड्याळाच्या काट्यावर चालणारी उपासना, असे एक चित्र आपण मनाशी रेखून ठेवलेले असते. आमच्या करडीकडे धानाच्या बांधीतून परतलेला मनुष्य हातपाय धुऊन भजनाला जातो. टाळ वाजू लागले की पोरेबाळे सतरंजीवर येऊन बसतात, आणि त्यांतले एखादे तेथेच झोपी गेले तरी कोणी रागावत नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसास ते बाकांच्या रांगांचे चित्र परके आणि काहीसे थंड वाटले तर नवल नाही. परंतु ते चित्र अपुरे आहे. मराठी ख्रिस्ती समाजाने आपल्या उपासनेला जे विलक्षण, घरगुती आणि हसरे रूप दिले, आणि त्यासाठी जी किंमत मोजली, त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

प्रथम एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. विश्वास ठेवणाऱ्यांच्या समुदायास मराठी ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतात. हा शब्द आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. घरची मंडळी, पाहुणेमंडळी, जेवणास बसलेली मंडळी, भजनी मंडळी. जेथे जिव्हाळा आहे तेथे हा शब्द आहे. तो इमारतीस लागत नाही, माणसांस लागतो. ज्या कोणी भाषांतर करताना हा शब्द निवडला त्याने जाणून वा अजाणता एक मोठी गोष्ट सांगून ठेविली. उपासनामंदिर बांधावयास दगड आणि चुना पुरतो. मंडळी व्हावयास मात्र एकमेकांशेजारी बसावे लागते. आनंदाचा सारा प्रश्न या शेजारी बसण्याशी निगडित आहे.

आता आपल्याच वाटेने गेलेल्या एका प्रवाशाची गोष्ट ऐका. नागपुराहून पूर्वेस निघालेली रेल्वे भंडारा रोड आणि तुमसर रोड ही ठाणी मागे टाकून वैनगंगा ओलांडते आणि पुढे गोंदिया, डोंगरगढ करीत राजनांदगावास पोहोचते. १८९३ साली याच मार्गाने नारायण वामन टिळक नावाचे एक तरुण कवी राजनांदगावास चालले होते. डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. कवितेवरून गोष्टी निघाल्या, त्या धर्मापर्यंत गेल्या, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली. पुढे दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आमच्या भागातील धानाची शेते खिडकीतून मागे पडत असता सुरू झालेल्या त्या संभाषणाने मराठी ख्रिस्ती उपासनेचा पुढील इतिहास बदलला, असे म्हणावयास हरकत नाही.

टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले, तेव्हा तेथील उपासनेत भक्ती पुष्कळ होती, परंतु तिचा वेष बऱ्याच अंशी परदेशी होता. पदे मराठी शब्दांची असत, पण चाली पुष्कळदा सातासमुद्रांपलीकडच्या. मराठी शब्दाचा ऱ्हस्वदीर्घ एकीकडे आणि चालीचा ठेका दुसरीकडे, अशी ओढाताण होई. ज्याच्या कानांवर लहानपणापासून ओवी आणि अभंग पडले आहेत, त्याचे अंतःकरण अशा गाण्याने हलावे कसे? टिळकांच्या आधीही नगरकडील काही ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा प्रयोग करून पाहिला होता. टिळकांनी तो मनावर घेतला. त्यांनी अभंग, पदे, भजने शेकड्यांनी लिहिली. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेच्या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. कीर्तनाचा सारा थाट त्यांनी उचलला. पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण, उत्तररंगात ख्रिस्तचरित्रातील किंवा भक्तचरित्रातील आख्यान, मध्ये टाळ आणि मृदंग, आणि श्रोत्यांनी एका सुरात उचललेले पालुपद. कीर्तनात श्रोता मुका बसत नाही, ही त्याची खुबी आहे. त्यास हसता येते, डोळे पुसता येतात, बुवांच्या प्रश्नास उत्तर देता येते. बाकावर ताठ बसलेला मनुष्य उपासना पाहतो. मांडी घालून बसलेला मनुष्य तीत सामील होतो.

ही कल्पना टिळकांच्या फार पूर्वीही एकास सुचली होती. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आला. त्याने येथील भाषा शिकून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचिले, आणि ते १६१६ साली राशोल येथे छापिले गेले. हा ग्रंथ तिकडील देवालयांतून वाचला आणि गाइला जात असे. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, आणि पुराण ऐकण्याची भूक तर राहिली होती. ती भूक त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच छंदात भागवावी हे त्याने ओळखले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असे फर्मान काढले. सत्तेला जे कळले नाही, ते एका परक्या साधूला कळले होते. मनुष्य देवापुढे आनंदाने उभा राहावयाचा, तर तो आपल्या आईच्या भाषेतच उभा राहिला पाहिजे.

येथवर भाषेची आणि गाण्याची गोष्ट झाली. ती ऐकावयास गोड आहे. आता शेजारी बसण्याची गोष्ट; ती तितकी सोपी नाही.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील नामांकित मंडळींस बोलावणे झाले होते. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांची ती खटपट होती. तेथे चहा आणि बिस्किटे मांडण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावून ठेवून दिला, कोणी तेवढेही केले नाही. पुढे गोपाळरावांनीच उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली, आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांसारख्या पुरुषांस त्यात ओढले गेले. शंकराचार्यांकडे दाद गेली, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचे प्रश्न निघाले. आज या प्रकरणाचे आपणांस हसू येते. पण क्षणभर विचार करा. एका पेला चहाचे आदरातिथ्य स्वीकारणे ज्या समाजात एवढे महाग होते, तेथे एका ताटात जेवणे, एका पाटावर बसणे, एका विहिरीचे पाणी भरणे किती महाग असेल?

त्या महागाईचा हिशेब लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मांडून ठेविला आहे. तो ग्रंथ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. पतीने धर्म बदलला तेव्हा त्या नातलगांकडे राहिल्या. काही वर्षे असह्य ताटातुटीत काढल्यावर त्या पतीकडे परतल्या, पण सोवळेओवळे बरोबर घेऊन. निराळी चूल, निराळे पाणी. ते बंधन एका दिवसात गळून पडले नाही. ते गळावयास त्यांस स्वतःशी झगडावे लागले, आणि जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला आहे, हे मनोमन पटल्यावरच त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचे त्यांचे घर पाहा. निराधार मुलांस तेथे आसरा मिळाला. प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या शुश्रूषेस त्या आणि टिळक धावून गेले. आणि बालकवी ठोमरे, आपले निसर्गकवी, हेही नगरास याच घरात मुलासारखे राहिले. ते हिंदू म्हणून आले आणि हिंदूच राहिले. त्यांच्या कवितेवर टिळकांनी प्रेम केले, त्यांच्या धर्मावर मोबदला मागितला नाही.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात हसू किती आहे, हे वाचणाऱ्यास ठाऊक आहे. टिळकांचा विसरभोळेपणा, आलेल्या गेलेल्याची वर्दळ, घरात पैसा नसता पाहुण्यांची भर, या सर्वांवर त्या हसतात, आणि सर्वांत अधिक हसतात त्या स्वतःवर. ज्या बाईने इतके सोसले तिच्या लेखणीत कडवटपणाचा थेंब सापडत नाही. हा आनंद सुखवस्तूपणातून आलेला नव्हे. आपल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये जी भिंत होती ती आपल्याच हाताने पाडल्यावर जो मोकळा वारा येतो, तो हा आनंद होय. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे काव्यही पुढे त्यांनीच पुरे केले.

येथे एक आक्षेप मनात येईल, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. हे स्वागत निर्मळ असते काय? चहाच्या पेल्याआड, दवाखान्याच्या औषधाआड, शाळेच्या पाटीआड धर्मांतराचा हेतू दडलेला नसतो काय? ही शंका जुनी आहे, आणि ती निष्कारण आहे असेही नव्हे. पाहुण्यास जेवू घालून शेवटी त्याची गणना आपल्या डोक्यांत करून घ्यावयाची, हे आदरातिथ्य नव्हे. तो व्यापार झाला. मौजेची गोष्ट अशी की या शंकेस कृतीने उत्तर देण्याचा यत्न टिळकांनीच केला. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराचा त्याग केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात समान होते. ख्रिस्तावर प्रेम आहे ना? मग ये, बैस. कागदावर तुझे नाव कोठे आहे हे आम्ही विचारीत नाही, असा त्याचा भाव होता. मिशनच्या शिस्तीस ही गोष्ट विचित्र वाटली असल्यास नवल नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले, आणि त्यांच्या पाठीमागे दरबार फार दिवस टिकला नाही. परंतु दार किती रुंद असावे, याचे माप त्यांनी देऊन ठेविले.

ते माप पुढे काहींनी हाती घेतले. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली 'ख्रिस्त सेवा संघ' काढला, आणि पुढे पुण्यास त्याचा आश्रम झाला. इंग्रज आणि हिंदी बंधू तेथे एकत्र राहात, खादी नेसत, जमिनीवर बसून शाकाहारी अन्न जेवीत. राज्यकर्त्या जातीचा मनुष्य अनवाणी, खादीच्या झग्यात, आपल्या पंगतीस बसलेला पाहून त्या काळच्या पुण्यातील माणसास काय वाटले असेल, याची कल्पना करा. क्लबात बसणाऱ्या गोऱ्या साहेबांस तर हे वेडच वाटले असेल. पण शहाणपणाने बांधलेल्या भिंती बहुधा अशा वेडानेच पडतात.

आमच्या विदर्भाकडेही या गोष्टीचा एक मोठा अध्याय आहे. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, दगडांचा अभ्यास केला आणि गोंड लोकांची गीते व कथा कान देऊन ऐकल्या; १८६३ साली त्यांना जलसमाधी मिळाल्यावर ते टिपण १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानात वाढल्या. कोणी बालकास बाप्तिस्मा देई, कोणी जाणत्या माणसासच. कोणाचे बिशप, कोणाचे वडीलमंडळ. एकाच येशूचे नाव घेणारी माणसे एकमेकांच्या पंगतीस बसावयास कचरत. १९२९ पासून यावर बोलणी चालू होती. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी आमच्या नागपुरास सहा पंथ एकत्र आले आणि उत्तर भारताची एकत्र मंडळी निर्माण झाली. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती तीत मान्य केल्या गेल्या. तुझी रीत मला विचित्र वाटते, तरी तू माझ्या शेजारी बैस, हा त्या कराराचा अर्थ. घरात असेच असते. एकास भात आवडतो, दुसऱ्यास भाकर. म्हणून कोणी चूल वेगळी मांडीत नाही.

अशा मंडळ्यांत हंगामाचा सण होतो, तो खेड्यातील माणसाने अवश्य पाहावा. पिके घरी आली की लोक आपल्या कष्टाचे पहिले फळ उपासनेस घेऊन येतात. कोणी धान्याची टोपली, कोणी भोपळा, कोणी अंडी, एखादी म्हातारी पाय बांधलेली कोंबडी. उपासना चालू असता ती कोंबडी मध्येच आपला सूर लावते आणि उपदेशकासही हसू आवरत नाही. उपासना संपली की त्या वस्तूंचा लिलाव होतो. बाजारात कवडीमोल असलेला भोपळा चढत्या बोलीने विकला जातो, घेणारा तो परत देऊन टाकतो, आणि पुन्हा बोली सुरू होते. आलेला पैसा मंडळीच्या कामी लागतो. देवाच्या घरात एवढा गलबला शोभतो काय, असे कोणी विचारील. मी म्हणेन, ज्याच्या घरी पीक आले आहे त्याच्या घरी गलबला असावयाचाच. तो नसता तर चिंता करावी.

तथापि, श्रोतेहो, चित्राची एक काळी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उंबरा ओलांडला म्हणून जात उंबऱ्याबाहेर राहिली, असे सर्वत्र झाले नाही. ख्रिस्ती समाजातही पूर्वीच्या जातींची आठवण सोयरिकीच्या वेळी जागी होते. अनेक ठिकाणी बसण्याच्या जागांतही ती डोकावली. ज्यांनी सर्वांत मोठी आशा धरून त्या दारातून पाऊल टाकले, त्यांस हे दुःख अधिक लागले. म्हणून मंडळीचा आनंद मोजावयाचा झाल्यास तिच्या मनोऱ्याची उंची किंवा वाद्याची किंमत पाहू नये. नवखा मनुष्य दारात आला असता त्यास पुढे जागा मिळते की मागे? लेकरू रडले तर आईस बाहेर जावे लागते काय? जो वेड्यासारखा बेसूर गातो त्यास गाऊ देतात काय? आणि जेवणाच्या वेळी कोण कोणाशेजारी बसतो? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की मंडळी ओळखू येते.

हे माप ख्रिस्ती मंडळीपुरतेच आहे असेही समजू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला, हाती खंजिरी घेतली आणि सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. सर्व पंथांच्या माणसांनी एका जागी, एका रांगेत बसावे हा त्यांचा आग्रह होता. टिळकांचा दरबार आणि तुकडोजींची प्रार्थना यांचे मार्ग भिन्न; पण दोघांनीही एकच गोष्ट हेरली. मनुष्य एकटा पुण्य मिळवू शकेल कदाचित, एकटा आनंद मिळवू शकत नाही. आनंदाला शेजारी लागतो, आणि तो शेजारी आपल्यासारखाच असावा अशी अट घातली की आनंद आटतो.

तेव्हा करडीस असो वा नागपुरास, देऊळ असो, मशीद असो, विहार असो वा ख्रिस्ती उपासनामंदिर असो, आपापल्या ठिकाणी सतरंजी अंथरताना ती हातभर अधिक लांब अंथरावी. जो अद्याप आला नाही, ज्याचा वेष निराळा आहे, ज्याचा सूर जुळत नाही, त्याची जागा तेथे राखलेली असावी. तो आला म्हणजे त्यास नाव-गाव नंतर विचारावे. आधी पाणी द्यावे आणि हाती टाळ द्यावे. देवाच्या दरबाराचे दार याहून निराळ्या रीतीने उघडत नाही.